देवाला सगळं आधीच ठाऊक आहे, मग मी काय ठरवतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, शनिवारी संध्याकाळी शास्त्राभ्यास असतो. पंधरा-वीस जण येतात. कॉलेजची मुलं, दोन नर्सबाई, यंत्रमागावरचे तिघे-चौघे, रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका. नाव न घालता चिठ्ठीवर प्रश्न लिहा म्हटलं की निम्म्या चिठ्ठ्या या एकाच विषयाच्या निघतात. तेच प्रश्न आणि आजवर दिलेली उत्तरं इथे लिहून काढली आहेत. मी पाळक नाही. दिवसभर एका चादरीच्या कारखान्यात हिशेब लिहितो आणि माझे वडील मागावर जॉबर होते. त्यामुळे उत्तरांत माग डोकावणार, तेवढं चालवून घ्या.

देव सर्वज्ञ आहे, म्हणजे त्याला नक्की काय काय ठाऊक आहे?

बायबलमधलं १३९वं स्तोत्र वाचा. माझं बसणं-उठणं त्याला कळतं आणि शब्द जिभेवर यायच्या आधी तो त्याला ठाऊक असतो, असं स्तोत्रकर्ता म्हणतो. ख्रिस्ती परंपरेनं याचा अर्थ पूर्ण घेतला आहे. झालेलं, चाललेलं आणि व्हायचं, सगळं त्याला ठाऊक. शिवाय जे घडलंच नाही पण घडू शकलं असतं, तेही. या शेवटच्या भागावर पुढे बरंच बोलायचं आहे.

त्याला ठाऊक आहे म्हणजे ते घडणारच. मग मी मोकळा कसा?

सगळा घोळ त्या ‘च’ने केलाय. तो कुठे चिकटतो ते नीट पाहायला हवं.

आमच्या गटातल्या एका मुलाचं लग्न व्हायचं आहे. त्याला मी विचारलं, ‘तू अविवाहित आहेस, तर तुला बायको नाहीच, बरोबर?’ म्हणाला, बरोबर. ‘मग तुला बायको असणं अशक्यच आहे, असं तुझ्या घरी कळवू का?’ सगळे हसले. अविवाहित असण्यातून बायको नसणं निघतंच, इतकी ती गाठ पक्की आहे. पण पक्की आहे ती ‘जर-तर’ची गाठ. त्याचं अविवाहित असणं काही पक्कं नाही, उद्या साखरपुडा झाला की संपलं.

इथेही तसंच. ‘मी उद्या खोटं बोलणार हे देवाला ठाऊक असेल, तर मी उद्या खोटं बोलेनच.’ हे वाक्य खरं आहे, कारण देवाचं जाणणं चुकत नाही. पण त्यातून ‘मला उद्या खोटं बोलावंच लागेल’ हे निघत नाही. मी खरं बोलणार असतो, तर देवाला तसं ठाऊक असतं. ‘बोलेन’ आणि ‘बोलावं लागेल’ यांत मराठी फरक करते. वाद घालताना आपण तो विसरतो.

एवढ्यावर प्रश्न मिटला असं सांगणारे पुष्कळ भेटतील. मिटत नाही. पुढची चिठ्ठी बघा.

पण देवाला ते काल ठाऊक होतं. काल तर होऊन गेला, तो बदलता येत नाही. मग उद्याही बदलता येत नाही ना?

ही चिठ्ठी एका इंजिनिअरिंगच्या मुलीची होती (अक्षरावरून कळलं) आणि ती बरोबर जागी बोट ठेवते. अमेरिकन तत्त्वज्ञ नेल्सन पाईक यांनी १९६५ साली हाच युक्तिवाद नेटका बांधला आणि तेव्हापासून त्यावर लिहिणं थांबलेलं नाही. सांगायचं तर असं: मी उद्या काय करणार याबद्दल देवाचं मत ऐंशी वर्षांपूर्वीच होतं. ते मत चुकू शकत नाही. ऐंशी वर्षांपूर्वीची गोष्ट मी आज बदलू शकत नाही. मग माझ्या हाती उरलं काय?

चौदाव्या शतकातला इंग्लंडचा फ्रान्सिस्कन संन्यासी विल्यम ऑफ ऑकम याला इथे एक फट दिसली. प्रत्येक ‘होऊन गेलेली’ गोष्ट सारखीच होऊन गेलेली नसते, असं त्याचं म्हणणं. आपल्या गावचंच उदाहरण घेऊ. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९१० साली सोलापुरात जन्मले, १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. आता हे वाक्य बघा: ‘१९१० साली सोलापुरात असं एक मूल जन्मलं, जे अठ्ठावीस वर्षांनी चीनला जाणार होतं.’ वाक्य १९१० सालाबद्दलचं आहे आणि खरंही आहे. म्हणून काय त्या पाळण्यातल्या बाळाला चीनला जाणं भाग होतं? उलट आहे. ते १९३८ मध्ये गेले, म्हणून १९१० सालाबद्दलचं वाक्य खरं ठरलं. ते गेले नसते तर तेच वाक्य खोटं ठरलं असतं, १९१० सालाला हातही न लावता.

देवाचं पूर्वज्ञान याच जातीचं आहे, असं ऑकमचे अनुयायी म्हणतात. दिसायला भूतकाळातलं, पण त्याचं एक टोक अजून आपल्या हातात. मला हे पटतं, पण अर्धवट. वाक्य खरं असणं वेगळं आणि कुणाच्या मनात तसं पक्कं जाणणं असणं वेगळं. वाक्याला मन नसतं, देवाला आहे. त्या मुलीनंही हेच म्हटलं आणि माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं.

देव काळाच्या बाहेर आहे म्हणतात. त्यानं काय फरक पडतो?

खूप पडतो. हे उत्तर मला सगळ्यांत जवळचं आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

ते पहिल्यांदा सविस्तर मांडणारा माणूस तुरुंगात होता. बोएथियस, रोमचा माजी कॉन्सल. राजा थिओडोरिकनं त्याला राजद्रोहाच्या आरोपाखाली कैदेत टाकलं आणि साधारण ५२४ साली मारलं. मरणाची वाट पाहत असताना त्यानं जे पुस्तक लिहिलं, त्याच्या शेवटच्या भागात तो म्हणतो की देवाला ‘आधी’ असं काही ठाऊक नसतंच, कारण त्याच्यासाठी ‘आधी’ नाही. आपल्याला आयुष्य घोटाघोटानं मिळतं. कालचं गेलं, उद्याचं आलेलं नाही. देवाचं जीवन त्याच्या हाती अख्खं आहे, एकाच वेळी. तेव्हा आपण ज्याला पूर्वज्ञान म्हणतो, ते त्याच्या बाजूनं निव्वळ पाहणं आहे. आणि पाहण्यानं कुणी बांधलं जात नाही. तुम्ही मला चालताना पाहताय, म्हणून माझे पाय चालत नाहीत.

तेराव्या शतकात थॉमस अक्विनास यांनी याला रस्त्याचा दाखला दिला. रस्त्यावरून चालणाऱ्याला मागून येणारे दिसत नाहीत, उंचावरून पाहणाऱ्याला सगळी वाट एकदम दिसते. सोलापूरकराला हे जानेवारीत कळतं. गड्ड्याच्या जत्रेत सिद्धेश्वराचे सात उंच नंदीध्वज मिरवणुकीनं निघतात. रस्त्याच्या कडेला उभे असाल तर पहिला येतो, जातो, मग दुसरा. सातवा यायला अवकाश असतो, मान उंचावून लहान मुलं विचारत राहतात, ‘आला का?’ त्याच वेळी चौथ्या मजल्याच्या गच्चीवरच्या बाईला सातही दिसत असतात. सातवा ‘यायचा आहे’ हे वाक्य खालच्या माणसाचं. आणि गच्चीवरून दिसतो, म्हणून काही ती बाई नंदीध्वज पेलत नाही. पेलणाऱ्याची कंबर वेगळीच असते.

मग हेच अंतिम उत्तर का?

दोन अडचणी आहेत.

एक म्हणजे गच्चीवरची बाई नुसती बघते. देव नुसता बघ्या नाही. खुद्द अक्विनास म्हणतात की देवाचं ज्ञान वस्तूंचं कारण आहे, जसं कारागिराचं ज्ञान त्याच्या कामाचं. म्हणजे गच्चीचा दाखला त्यांच्याच दुसऱ्या वाक्याशी भांडतो. त्यांचा तोडगा असा की देव पहिलं कारण आहे आणि तो माणसाला मोकळेपणानंच हलवतो. मोकळेपणही त्याच्याच हातचं. वाचताना पटतं, समजावताना फेफे उडते.

दुसरी अडचण येशूचा शिष्य पेत्र याची. प्रभूनं त्याला त्या रात्री तोंडावर सांगितलं, कोंबडा आरवायच्या आधी तू तीनदा मला नाकारशील. आता ते ज्ञान गच्चीवर राहिलं नाही, खाली रस्त्यावर आलं, एका ठरावीक रात्री, पेत्राच्या कानात. म्हणजे मघाची ‘काल ठाऊक होतं’वाली चिठ्ठी पुन्हा समोर. तरी एक गोष्ट मला दिसते. कोंबडा आरवल्यावर पेत्र बाहेर जाऊन रडला. आपल्याला भाग पडलं असं त्याला वाटलं असतं, तर तो चिडला असता किंवा गप्प बसला असता.

‘मी असं केलं असतं तर काय झालं असतं’, हेही देवाला ठाऊक असतं का?

बायबलमधल्या १ शमुवेल या पुस्तकाचा तेविसावा अध्याय काढा. संडे स्कूलमध्ये तो फारसा शिकवत नाहीत, दावीद-गल्याथाच्या लढाईपुढे त्याला कोण विचारतो. दावीद आपली सहाशे माणसं घेऊन कईला गावात आहे. पलिष्ट्यांच्या हातून त्यानंच ते गाव सोडवलंय. त्याच्या जिवावर उठलेला राजा शौल चालून येणार अशी कुणकुण लागते. दावीद देवाला विचारतो, शौल येईल का? उत्तर, येईल. गावकरी मला त्याच्या हाती देतील का? उत्तर, देतील. दावीद गाव सोडून निघून जातो. शौलाला कळतं, तो यायचं रद्द करतो.

आता बघा. शौल आला नाही. गावकऱ्यांनी कुणाला धरून दिलं नाही. म्हणजे देवानं सांगितलेल्या दोन्ही गोष्टी घडल्याच नाहीत, तरी देव खोटं बोलला असं कुणी म्हणत नाही. त्यानं ‘घडणार’ सांगितलं नव्हतं, ‘तू थांबलास तर घडेल’ हे सांगितलं होतं.

स्पेनचा जेझुइट संघातला धर्मगुरू लुइस दे मोलिना यानं १५८८ साली यावर अख्खी व्यवस्था उभी केली. काय काय शक्य आहे हे देवाला ठाऊक, प्रत्यक्ष काय घडणार हेही ठाऊक आणि या दोन्हींच्या मध्ये तिसरं ज्ञान: कोणता माणूस कोणत्या परिस्थितीत स्वतःहून काय करेल याचं. म्हणून त्याला ‘मध्यज्ञान’ म्हणतात. या ज्ञानाच्या आधारे देव जग निवडतो. त्याची योजना पार पडते आणि माणूसही स्वतःच्या मनानं वागतो.

फार हुशार कल्पना आहे. माझी शंका एवढीच की, मी अजून न घेतलेला, कदाचित कधीच न घेणार असलेला निर्णय ‘खरा’ कशामुळे ठरतो? देवानं ठरवलं म्हणून नाही, मी घेतला म्हणूनही नाही, मी तर घेतलाच नाही. मोलिनाचे विरोधक, डोमिनिकन या दुसऱ्या संन्यासी संघाचे बान्येस आणि त्यांचे सहकारी नेमकं हेच विचारत होते. भांडण रोमपर्यंत गेलं, दोन पोपांच्या काळात वर्षानुवर्षं सुनावण्या झाल्या. शेवटी १६०७ साली पाचव्या पॉल यांनी दोन्ही बाजूंना सांगितलं की तुम्ही एकमेकांना पाखंडी म्हणायचं नाही. निकाल दिलाच नाही. आजतागायत नाही.

आपल्या मंडळीचं अधिकृत मत काय?

तुमची मंडळी कोणती, त्यावर आहे. आणि सोलापुरात त्याचं उत्तर जरा गमतीचं आहे.

आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या प्रोटेस्टंट घराण्यांचं आजोळ अमेरिकन मराठी मिशन. त्या मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले, पुढे काम अहमदनगरला आणि सोलापूरकडे आलं. ही मंडळी अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडच्या काँग्रिगेशनल चर्चमधली, कॅल्विनच्या परंपरेतली, म्हणजे देवानं सगळं आधीच नेमलंय असं मानणारी. त्यांच्या मागे जोनाथन एडवर्ड्स उभे होते. एडवर्ड्सनी १७५४ साली मांडलं की, माणूस त्याला सगळ्यांत जास्त जे हवंसं वाटतं तेच करतो आणि हवं ते करता येणं यालाच स्वातंत्र्य म्हणतात. ते ‘हवंसं वाटणं’ कुठून आलं, हे विचारायची गरज नाही. या व्याख्येत देवानं सगळं नेमलेलं असणं आणि माणूस मोकळा असणं यांत भांडणच उरत नाही.

कॅल्विनच्या परंपरेतलं हे ‘सगळं नेमलेलं’ हॉलंडच्या याकोब आर्मिनियसना एडवर्ड्सच्या कितीतरी आधीच मान्य नव्हतं. ते १६०९ मध्ये वारले, पुढच्या वर्षी त्यांच्या अनुयायांनी आपलं म्हणणं पाच मुद्द्यांत लेखी दिलं. १६१८-१९ मध्ये डॉर्टच्या सभेनं ते फेटाळलं. पण ते मेलं नाही, इंग्लंडात मेथडिस्ट चळवळीचे जॉन वेस्लींनी उचललं. १७३९ साली त्यांनी पूर्वनियोजनाविरुद्ध प्रवचन छापलं आणि त्यांचे जवळचे मित्र जॉर्ज व्हाइटफील्ड दुखावले. दोघांचं मत शेवटपर्यंत जुळलं नाही. तरी १७७० मध्ये व्हाइटफील्ड वारले, तेव्हा लंडनमध्ये त्यांच्या स्मरणाचं प्रवचन वेस्लींनीच केलं.

आणि मग २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यात काँग्रिगेशनल-प्रेस्बिटेरियन वारसा आला, तसे ब्रिटिश परंपरेचे मेथडिस्टही आले. म्हणजे एडवर्ड्सचे नातू आणि वेस्लींचे नातू एकाच बाकावर. रविवारी एक जण प्रार्थनेत म्हणतो, ‘प्रभु, तू आम्हाला निवडलंस’ आणि लगेच दुसरा साक्ष देतो, ‘त्या दिवशी मी प्रभूला निवडलं’. दोन्हींना आमेन मिळतं.

कॅथलिकांचं वेगळं आहे का?

माणसाची इच्छा पापानं दुबळी झाली पण मेली नाही, कृपेला ती हो किंवा नाही म्हणू शकते, असं त्यांची मंडळी शिकवते. ‘कसं’ या प्रश्नावर मघाचा १६०७चा निकाल, म्हणजे निकाल नाही.

देवानं फारोचं मन कठीण केलं. मग शिक्षा फारोला का?

बायबलच्या निर्गम या पुस्तकात मिसरचा राजा फारो इस्राएलांना सोडत नाही, म्हणून देव एकामागून एक पीडा आणतो. ते वाचताना पेन्सिल हातात ठेवा. पहिल्या पाच पीडांनंतर कुठे ‘फारोचं मन कठीण झालं’ असं आहे, कुठे ‘फारोनं आपलं मन कठीण केलं’ असं. सहाव्या पीडेनंतर, नवव्या अध्यायात, पहिल्यांदा ‘परमेश्वरानं कठीण केलं’ असं येतं. पाच वेळा त्यानं स्वतः दार लावलं, मग देवानं बाहेरून कडी घातली, असा अर्थ पुष्कळांनी लावला आहे. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर, मी त्याचं मन कठीण करीन हे देवानं मोशेला चौथ्या अध्यायातच सांगितलेलं आहे. तिथेही पेन्सिलनं खूण करा.

आमच्या शेजारच्या काकू म्हणतात, ‘तुमची देवाची योजना म्हणजे आमचं नशीबच.’ खरं का?

काकूंवर रागावू नका, आपण तशीच भाषा वापरतो.

आपल्याकडे मूल जन्मलं की पाचव्या-सहाव्या दिवशी पूजा. रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर लिहून जाते. काय लिहिलं ते कुणाला वाचता येत नाही, तिलाही पुसता येत नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे तिला त्या बाळाशी पुढे काही देणंघेणं नसतं. लिहिलं, गेली. बाप्तिस्मा घेतलेल्या किती तरी घरांत पाचवी बंद झाली, पण ती लेखणी घरातून गेली नाही. आपण फक्त ती उचलून प्रभूच्या हातात दिली. नोकरी गेली, ‘प्रभूची इच्छा’. मूल नापास झालं, ‘प्रभूची इच्छा’. गाडी चुकली तरी तेच. (हुतात्मा एक्स्प्रेस चुकायचं कारण बहुधा उशिरा निघणं असतं.)

शास्त्रातला देव लिहून निघून जाणारा नाही. तो बोलावतो, वाट बघतो, पस्तावतो असंही उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायात लिहिलंय. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या तिसाव्या अध्यायात जीवन आणि मरण पुढे ठेवून ‘जीवन निवड’ म्हणतो. कपाळावर आधीच लिहिलेल्या माणसाला असं कुणी म्हणत नाही.

आणि कर्माला नशीब समजून हिणवू नका. कर्माच्या विचारात आज केलेल्या कृतीला पूर्ण वजन आहे, तो हात बांधणारा विचार नाही. ख्रिस्ती विश्वासाशी त्याचा फरक दुसरीकडे आहे. तिथे फळ केल्याचं मिळतं, इथे न केल्याचंही मिळतं, आणि त्याला कृपा म्हणतात.

सगळं देवाच्या योजनेत आहे, असं दुःखात असलेल्या माणसाला सांगावं का?

नाही.

मी सांगितलंय, म्हणून कळतं. तेव्हा मी पंचविशीत होतो. वडिलांबरोबर काम केलेला एक माणूस अचानक गेला, मागे बायको आणि दोन मुलं. तिसऱ्या दिवशी भेटायला गेलो आणि पाठ केलेला दाखला दिला, की वहिनी, आपण कापडाची उलटी बाजू बघतो, सगळ्या गाठी आणि लोंबते धागे. सुलटी बाजू देवाला दिसते, तिथे सुंदर नक्षी आहे. इंग्रजी प्रवचनांतून आलेला दाखला आहे हा, तुम्हीही ऐकला असेल. ती काही बोलली नाही. चहाचे कप गोळा करून आत गेली. मग तिचा मोठा मुलगा, असेल नववीत, खाली पसरलेल्या चादरीचं टोक उलटून मला म्हणाला, ‘काका, सोलापुरी चादर दोन्ही बाजूंनी सारखीच असते. फक्त रंग उलटे.’

वाद घालायला म्हणाला नव्हता. त्याच्या बापानं आयुष्यभर तीच विणली होती.

मला तो दाखला परत देता आला नाही. वडिलांना सांगितलं, तर ते म्हणाले, दाखला द्यायचाच तर जकार्डचा दे, पण तोही जपून. जकार्ड मागाच्या डोक्यावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ फिरत असते. भोक आलं की सुई आत जाते, तो उभा धागा उचलला जातो. भोक नसेल तर धागा खालीच. एका कार्डाला एक आडवा धागा. धोटा सुटायच्या आधीच फुलाची शेवटची पाकळी ठरलेली असते. देव असा आहे का, असं मी वडिलांना विचारलं. म्हणाले, ‘कार्डाला धाग्याचं काय पडलंय? धागा तुटला तरी कार्ड पुढे सरकतं. धावायला लागतं ते मला.’

रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात देव सर्व गोष्टींत मिळून कल्याण करतो असं आहे. सर्व गोष्टी त्यानंच घडवल्या असं तिथे नाही. भावांनीच विकलेल्या योसेफानं पुढे त्यांना सांगितलं, तुम्ही माझं वाईट योजलंत, देवानं त्यातून चांगलं योजलं. वाईट योजणारे भाऊच राहिले, त्यांचं पाप कुणी देवाच्या खात्यावर मांडलं नाही. मी हिशेबनीस आहे, मला ही नोंद बरोबर वाटते.

काही ख्रिस्ती अभ्यासक म्हणतात, भविष्य देवालाही ठाऊक नाही. हे चालतं का?

या मताला साधारण ‘खुलं भविष्य’ म्हणता येईल. १९९४ मध्ये कॅनडाचे क्लार्क पिनॉक आणि आणखी चौघांनी ते एकत्र मांडलं आणि इव्हँजेलिकल मंडळ्यांत मोठा गदारोळ झाला. ते म्हणतात, देवाला जे जे जाणण्याजोगं आहे ते सगळं ठाऊक आहे, पण माझा उद्याचा मोकळा निर्णय अजून ‘आहे’च कुठे, जाणायला? अब्राहामानं आपला मुलगा इसहाक याच्यावर सुरी उचलली, तेव्हा ‘आता मला कळलं’ असं देव म्हणतो, हे वचन ते पुढे करतात.

बाजू दुबळी नाही. पण तिची सावली जुनी आहे. ख्रिस्तापूर्वी रोमन विचारवंत सिसेरोनं माणसाचं स्वातंत्र्य वाचवायला देवांचं पूर्वज्ञान नाकारलं होतं आणि पाचव्या शतकात ख्रिस्ती बिशप ऑगस्टीननं त्याला सुनावलं, की माणसांना मोकळं करण्याच्या नादात तू त्यांना देवहीन केलंस. आमच्या इच्छाही देवाला ठाऊक असलेल्या कारणांच्या साखळीतच आहेत, इच्छा म्हणूनच आहेत, असं तो म्हणतो. मी ऑगस्टीनच्या बाजूला आहे. पेत्राला ‘तीनदा’ हा आकडा अंदाजानं कुणी सांगत नाही.

मग प्रार्थना कशाला?

मत्तयाच्या सहाव्या अध्यायात प्रभू म्हणतो, तुम्ही मागण्याआधीच तुमच्या गरजा पित्याला ठाऊक आहेत. आणि पुढच्याच श्वासात ‘आमच्या स्वर्गातील पित्या’ शिकवतो. आपल्याला जिथे ‘म्हणून मागू नका’ असं अपेक्षित आहे, तिथे तो ‘म्हणून असं मागा’ म्हणतो.

दहावीचा पेपर तपासून झाल्यावर, निकालाच्या सकाळी केलेल्या प्रार्थनेचं काय, असंही विचारलं जातं. देव काळाच्या बाहेर असेल, तर तुमची निकालाच्या सकाळची प्रार्थना त्याला पेपरच्या दिवशीही ऐकू येत होती. गुण वाढतील असं मात्र मी म्हणत नाही.

अमुक माणूस नाशाकडे जाणार हे ठाऊक असून देवानं त्याला निर्माणच का केलं?

वरचे सगळे तोडगे इथे थकतात. ठाऊक असणं म्हणजे घडवणं नव्हे, मान्य. पण ठाऊक असून निर्माण करणं हे घडवण्याच्या फार जवळ जातं. मोलिनाच्या व्यवस्थेत तर जास्तच, कारण तिथे देव निवडून हे जग काढतो. अमेरिकन तत्त्वज्ञ आल्विन प्लँटिंगा यांनी १९७४ मध्ये दाखवलं की, ज्यात माणसं खरोखर मोकळी आहेत आणि कुणीच वाईट वागत नाही, असं जग बनवणं देवाच्या एकट्याच्या हाती कदाचित नसेलही. तर्क म्हणून भक्कम आहे. पण आपल्याला धरून देणाऱ्या शिष्याबद्दल, यहूदाबद्दल, ‘तो माणूस जन्मलाच नसता तर बरं झालं असतं’ असं प्रभू स्वतः म्हणतो. ज्याच्या हातात त्याला जन्माला न घालणं होतं, त्याच्याच तोंडी हे वाक्य आहे. मी दरवर्षी पवित्र आठवड्यात तिथे अडतो. पुढचं वचन वाचायला वेळ लागतो.

देवानं मला सांगावं मी आज काय करणार. मग मी मुद्दाम उलटं करीन!

हा प्रश्न चिठ्ठीवर नव्हता, संडे स्कूलमधल्या आठ वर्षांच्या मुलानं उभा राहून विचारला. मी हसण्यावारी नेणार होतो, पण प्रश्न खरा आहे. सांगितलं की ते बदलतं. योना या संदेष्ट्यानं निनवे शहरात ओरडून सांगितलं, चाळीस दिवसांनी हे शहर पालथं होईल. लोकांनी ऐकलं, गोणपाट नेसले, शहर वाचलं. योना मात्र चिडला, देवानं शहरावर दया केली म्हणून. कईलाचंही तेच, ऐकलं म्हणून दावीद निघाला. पेत्रानं मात्र ऐकलं, ‘मरेन पण नाकारणार नाही’ म्हणाला, आणि तरी तेच केलं. तेव्हा देव सांगतो तेव्हा बहुतेक वेळा इशारा असतो, आणि इशारा मानायचा की नाही हे ऐकणाऱ्यावर असतं.

‘मग सांग ना,’ तो म्हणाला, ‘मी आज घरी चालत जाणार की बसनं?’

मी म्हटलं, मला कसं ठाऊक, मी काय देव आहे? तुला काय वाटतं?

बराच विचार करून म्हणाला, ‘देवाला वाटत असणार मी चालत जाणार. म्हणून मी बसनं जाणार.’

बाहेर मेचं ऊन होतं. फाटकाशी त्याची आजी रिक्षा थांबवून उभी होती.